पाखराची जागा

दार वाजलं की अल्लाउद्दीन नदाफ उठण्याआधी दोनदा खाकरतात. गळा चालू आहे की नाही ते बघायला. जुम्म्याच्या नमाजाला मशिदीत चार माणसं भेटतात, सलाम-दुआ होते. रविवारी हुबळीहून लेक राहत फोन करते. मधल्या दिवसांत बोलायला कुणी नाही, आणि नळाशी नाहीतर भिंतीवरच्या पालीशी बोलत बसणाऱ्यांपैकी ते नाहीत. त्यामुळे आवाज कधीकधी पहिल्या शब्दालाच दगा देतो. तसा दिला की समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही. हे त्यांना मुळीच खपत नाही.

वय सहासष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं घर. या भागात एकेकाळी मागांचा खडखडाट एवढा असायचा की लोक घरातल्या घरातही ओरडून बोलत. आता निम्मे माग बंद पडले, पण ओरडून बोलायची सवय काही गेली नाही. सकाळी शेजारीपाजारी नुसतं ‘चहा झाला का’ विचारतात ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. अल्लाउद्दीनभाईंना कुणी चहाचं विचारत नाही असं नाही. पण ‘झाला’ म्हटल्यावर पुढं काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नाही.

गल्लीत त्यांना ‘ग्राफवाले’ म्हणतात. चादरीवर फूल दिसतं ते मागावर आपोआप उगवत नाही. आधी कुणीतरी ते चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. रंगवलेलं घर म्हणजे धागा वर, कोरं घर म्हणजे धागा खाली. त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची, आणि मग माग ती भोकं वाचत विणत जातो. एक घर चुकलं की प्रत्येक चादरीवर त्याच जागी तोच डाग. विणकराची चूक एका चादरीपुरती असते, ग्राफवाल्याची हजार घरांत जाऊन अंथरली जाते. म्हणून या कामाला माणूस थोडा घाबरट आणि बराच गर्विष्ठ लागतो. अल्लाउद्दीनभाईंमध्ये दोन्ही गुण भरपूर होते.

त्यांचे वडील वेळापूरचे पिंजारी. गाद्यांसाठी कापूस पिंजत पिंजत सोलापूरला आले आणि इथंच राहिले. अल्लाउद्दीन नववीपर्यंत शिकले. पुढं शाळा सुटली आणि मिल धरली. रात्रपाळी, लग्नानंतरचीच अठरा वर्षं. दिवसा चार तास झोप काढून अण्णाराव मास्तरांकडं ग्राफ शिकायला जायचं. मास्तर माणूस तिरसट, हात मात्र सोन्याचा. ते एका कामाला चोरी म्हणायचे, विणलेलं कापड समोर ठेवून त्याचा ग्राफ काढणं. “ग्राफावरनं चादर व्हायला पायजे. चादरीवरनं ग्राफ काढतो त्यो नकलाकार,” असं ते म्हणत. अल्लाउद्दीनभाईंनी उभ्या जन्मात हा नेम मोडला नाही.

आता ते सगळं काम संगणक करतो. त्याचा आपल्याला राग नाही असं अल्लाउद्दीनभाई म्हणतात. म्हणताना मान मात्र दुसरीकडं फिरवतात.

तर गेल्या माघात, एका सोमवारी, दार वाजलं. भाई खाकरले आणि उठले. दारात गुरुबसप्पा होता. चार गल्ल्या पलीकडं त्याचा कारखाना. अल्लाउद्दीनभाईंनी मास्तरांच्या हाताखालून सुटून स्वतःचा म्हणून पहिला ग्राफ काढला तो त्याच्या वडिलांसाठी.

“जुना माग काढाय लागलोय भाई,” गुरुबसप्पा दारातूनच म्हणाला. “शनवारी भंगारवाला येतोय. कार्डावर चालणारा तेवढाच एक ऱ्हायला होता. म्हटलं, तुमाला इचारल्याबिगर नको. त्याच्यावर अजून एक चादर निघंल. कुटली काढायची तुमी सांगा.”

अल्लाउद्दीनभाईंनी विचारसुद्धा केला नाही. “पाखराची,” ते म्हणाले.

“मग गुरवारपत्तर कार्डं द्या की.”

पाखराची चादर गल्लीत जुन्या माणसांना अजून आठवते. झीनत लग्न होऊन मैंदर्गीहून आली ती चौऱ्याऐंशी साली. कानडी, दखनी आणि मराठी या तिन्ही भाषा ती एका वाक्यात वापरायची, आणि चिडली की फक्त कानडीत चिडायची, म्हणजे नवऱ्याला काही कळू नये. नवऱ्याची रात्रपाळी. संध्याकाळी डबा घेऊन तो जायचा आणि नवी नवरी दोन खोल्यांत एकटी. पहिल्या काही महिन्यांतच अल्लाउद्दीनने ठरवलं, पलंगासाठी एक चादर आपण स्वतः करायची, जी कुठल्या दुकानात मिळणार नाही. मधल्या भागात एक तिरकी वेल. वेलीच्या दोन टोकांना एकसारखी दोन फुलं, एक भिंतीच्या बाजूला खाली, एक दाराच्या बाजूला वर. भिंतीची बाजू झीनतची. दाराची त्याची, कारण पहाटे येणाऱ्याला आणि संध्याकाळी जाणाऱ्याला ती सोयीची. आणि वेलीवर एक हिरवं पाखरू.

“पाखरू मधोमध बसवतो,” तो म्हणाला होता.

“मधी नको,” झीनत म्हणाली. “तुमी रातचं नसता. माझ्याकडं सरकवा त्याला. माझ्या फुलापासनं एक वाटा, तुमच्या फुलापासनं दोन. तेवढीच सोबत.”

मध्य काढायचा असता तर काहीच नव्हतं. मास्तरांनी शिकवलेलं होतं, दोन टोकांच्या घरांचे आकडे मिळवायचे आणि निम्मे करायचे. बहुतेक नक्षी दोन्हीकडं सारखीच असते, त्यामुळे मास्तरांना त्यापुढं शिकवायची कधी वेळ आली नाही. अल्लाउद्दीनने तोच हिशेब पुढं ओढला. तिचा वाटा एक, म्हणून तिच्या फुलाचा आकडा एकदा घेतला. आपला वाटा दोन, म्हणून आपल्या फुलाचा दोनदा. मिळवले, तिनाने भागले. जिथं आकडा पडला तिथं पाखरू काढलं. हिशेबावर भरवसा एवढा की ते कुणाजवळ पडलं हे मागं सरून बघितलंसुद्धा नाही. रविवारी मास्तरांच्या मागावर चादर विणली. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. हिला मात्र पाखरासाठी जादा रंगाचा धागा घातला होता आणि मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत होते, त्यामुळे हिला एकच तोंड. उशाच्या काठावर साल विणलं, १९८५.

संध्याकाळी, वाटेत सगळ्या गल्लीला दाखवत आणलेली चादर घडी करून झीनतच्या हातात दिली आणि तो पाळीवर गेला. सकाळी आला तर पलंगावर चादर पसरलेली. पाखरू बरोबर भिंतीकडं, तिच्या बाजूला. एक वाटा, दोन वाटे. अल्लाउद्दीनची छाती फुगली. मग त्याने नीट बघितलं. साल पायाशी होतं, आणि पाखरू डोकं खाली करून वेलीला लटकत होतं.

“ग्राफवाल्याची बायको तू,” तो म्हणाला, “आन वर कुटलं, खाली कुटलं, एवढं कळंना व्हय?”

“पायांना बी कळू दे की साल कुटलं चाललंय ते,” झीनत म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

पुढं पस्तीस वर्षं हेच चाललं. ती चादर नेहमी उलटी घालायची. तो चेष्टा करायचा, पाहुण्यांपुढंसुद्धा. आमच्या घरात वटवाघूळ पाळलंय, म्हणायचा. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच घालायची. कधी त्याला वाटायचं, एकदा आपणच उठून सरळ करून टाकावी. पण त्या घरात अंथरूण घालणं हे बायकोचं काम होतं, आणि आपलं नसलेलं काम न करण्यात अल्लाउद्दीन नदाफ फार काटेकोर होते.

चार वर्षांपूर्वी झीनत गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी दवाखाना, पाचव्या दिवशी सगळं संपलं. चाळिसावा झाला त्या दिवशी राहतने आईचे कपडे वाटून टाकले, चादर घडी करून पेटीत ठेवली, आणि “अब्बा, तुमी आता हुबळीलाच चला” असं म्हणून रडली. अब्बा गेले नाहीत. पेटीही त्यांनी उघडली नाही. चादर बाहेर काढली तर ती अख्ख्या पलंगावर पसरावी लागेल, आणि भिंतीकडची बाजू रिकामी दिसेल. म्हणून ते चार वर्षं एक अरुंद सतरंजी टाकून दाराकडच्या कडेला झोपत होते. शिवाय राहत म्हणाली होती की चादर पार विरलीये, अब्बा, हात लावला की धागे सुटतात. ती कधीतरी भुगा होऊन जाणार, आणि मग झीनतची म्हणून या घरात एकही वस्तू उरणार नाही, हे भाईंना माहीत होतं. म्हणून गुरुबसप्पाला त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं. माग शनिवारी जाणार होता. त्यानंतर ही चादर जगात कुठंच विणून मिळाली नसती.

जुना ग्राफ माळ्यावर होता. काढला, खाली बसून उलगडला. कडा शाबूत होत्या. दोन्ही फुलं शाबूत होती. मधला भाग वाळवीने खाल्ला होता. वेल पाखरासकट गेली होती आणि एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत नुसतं भोक होतं.

पाखरू कसं होतं ते पाठ होतं, ते हात आपसूक काढील. ते कुठं होतं, हा प्रश्न. पेटी चार हातांवर होती. उघडून बघायचं, घरं मोजायची, झालं. पण चादरीवरून ग्राफ काढायचा म्हणजे मास्तर कबरीतून, म्हणजे मास्तर हिंदू, तर जिथं असतील तिथून उठून आले असते. निदान भाईंनी स्वतःला कारण हेच दिलं. खरं कारण पेटीला ठाऊक होतं.

त्यांनी नवा कागद पसरला. दोन फुलं जुन्या कागदावरून मोजून मांडली. झीनतचं फूल डावीकडून चोवीस घरं, खालून तीस. स्वतःचं फूल डावीकडून एकशे चव्वेचाळीस, खालून नव्वद. मग चाळीस वर्षांपूर्वीचा हिशेब पुन्हा केला. तिचे चोवीस एकदा, आपले एकशे चव्वेचाळीस दोनदा, मिळून तीनशे बारा, भागिले तीन, एकशे चार. तिचे तीस एकदा, आपले नव्वद दोनदा, दोनशे दहा, भागिले तीन, सत्तर. एकशे चार आडवी, सत्तर उभी. लाल पेन्सिलीने ठिपका दिला, चष्मा वर केला आणि बघितलं.

ठिपका दाराच्या बाजूला पडला होता. त्यांच्या स्वतःच्या फुलाजवळ.

पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे चार, सत्तर. पण पस्तीस वर्षं पाखरू झीनतकडं होतं. डोळ्यांनी बघितलेलं. हिशेब तोच, पाखरू मात्र भलतीकडं. भाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आकडा चुकल्याची भीती नव्हती. आपल्याला आठवतंय ते तरी खरं आहे का, ही भीती होती. झीनतबद्दल त्यांच्यापाशी आठवणीशिवाय दुसरा कागद नव्हता. त्यालाही वाळवी लागली असेल तर काय करायचं?

मंगळवार असाच गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडं पूनम मॅडमची शिकवणी सुरू झाली. पूनम मॅडम पन्नाशीच्या, तेलुगू विणकराच्या घरातल्या. शाळेतली नोकरी करून संध्याकाळी दहावीचं गणित घेतात. मधली भिंत एका विटेची. अल्लाउद्दीनभाईंनी आयुष्यात दहावी बघितली नाही, पण चार वर्षांत भिंतीतून ती चार वेळा ऐकून झाली होती. खरं तर ते त्या तासाची वाट बघत. स्टूल भिंतीजवळ ओढून शेंगा सोलत बसत. शेंगा नसल्या तर नुसतेच बसत.

त्या दिवशी मॅडम कुणावर तरी करवादत होत्या. “दर वर्षी हीच चूक. एकास दोन म्हटलं की एक पहिल्याला चिकटवता आणि दोन दुसऱ्याला. उत्तर आलं की चित्र बघायचं नाही का? बिंदू कुणाजवळ पाहिजे होता, आणि पडला कुणाजवळ?”

भाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

शिकवणी सुटायची वाट बघितली. मग कागदाची गुंडाळी घेऊन ते शेजारच्या दारात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. खाकरले. “मॅडम, एक हिशेब दावायचा होता.”

पूनम मॅडमनी खुर्ची पुढं केली. कागद टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर डस्टर आणि पट्टी ठेवली. भाईंनी चादरीचं सगळं सांगितलं. एक वाटा, दोन वाटे इथपर्यंत आल्यावर मात्र नजर वर केली नाही.

“चाचा, हे आमचं विभाजनाचं सूत्रच आहे की,” मॅडम म्हणाल्या. “फक्त आकडे अदलाबदल झालेत. बघा, पाखरू चाचींच्या फुलापासून एकच वाटा लांब पाहिजे, म्हणजे ते त्यांच्या जवळ. मग चाचींचा आकडा जड झाला पाहिजे, तुमचा हलका. तुम्ही प्रत्येकाचा वाटा ज्याचा त्यालाच दिला. वाटा समोरच्याच्या आकड्याला द्यायचा असतो. तुमच्याकडचे दोन त्यांना, त्यांच्याकडचा एक तुम्हाला.”

त्यांनी खडूनेच टेबलावर मांडलं. चोवीस दोनदा, अठ्ठेचाळीस. त्यात एकशे चव्वेचाळीस एकदा. एकशे ब्याण्णव भागिले तीन, चौसष्ट. तीस दोनदा, साठ. त्यात नव्वद. दीडशे भागिले तीन, पन्नास. “चौसष्ट आणि पन्नास,” मॅडम म्हणाल्या आणि निळ्या पेनाने ठिपका दिला. ठिपका झीनतच्या बाजूला पडला. फुलापासून एक वाटा.

“तिनं मागितलं होतं तितंच हाय,” भाई म्हणाले.

“मग झालं की.”

“झालं कसं? मी तर तवा बी हाच लाल हिशेब केला होता. पाखरू मग तिच्याकडं बसलं कसं?”

“चादर नाही का चाचा? चादरीवर बघा की,” त्या म्हणाल्या. “सोपं आहे.”

सोपं होतं खरं. भाई घरी आले, दिवा लावला, आणि मास्तरांची मनातल्या मनात माफी मागून पेटी उघडली. चादर वरच होती. उचलताना दोन-चार धागे बोटाला लागून आलेच. त्यांनी ती पलंगावर टाकली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा अल्लाउद्दीन नदाफांनी अंथरूण घातलं. ग्राफवाला घालील तसं. साल उशाशी, १९८५ सरळ वाचता येईल असं. सुरकुत्या ओढून काढल्या. मागं सरून बघितलं.

पाखरू मान वर करून ऐटीत बसलं होतं. दाराच्या बाजूला. त्यांच्या फुलाजवळ.

मग त्यांनी चादरीची दोन टोकं धरली आणि पुरी फिरवली. उशाचा काठ पायाशी आला, पायाचा उशाशी. फुलं फुलांच्या जागी गेली, वेल वेलीच्या जागी आली, कुणाला फरक सांगता आला नसता. पाखरू तेवढं भिंतीकडं गेलं आणि डोकं खाली करून लटकलं. भाईंनी टेप काढला. भिंतीकडच्या फुलापासून पाखरू एक वाटा, पाखरापासून दाराकडच्या फुलापर्यंत दोन वाटे. बोटभरही इकडं तिकडं नाही.

तेव्हा त्यांना कळलं. त्या पहिल्या संध्याकाळी झीनतने चादर सरळच घातली असणार. पाखरू नवऱ्याकडं गेलेलं तिने बघितलं असणार. सबंध गल्लीला दाखवून झालेली, मास्तरांनी पाठ थोपटलेली चादर. चूक दाखवली असती तर नवरा आठ दिवस जेवला नसता, हे तिला तेवढ्या महिन्यांत समजलेलं होतं. म्हणून तिने चादर फिरवली. पाखराला उलटं टांगलं, पण जवळ घेतलं. नवऱ्याची चेष्टा ऐकली, पाहुण्यांचं हसणं ऐकलं, आणि पस्तीस वर्षं एका शब्दाने सांगितलं नाही. आणि याने एकदा, फक्त एकदा, उठून आपल्या हाताने अंथरूण घातलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. भाई पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. चाळिसाव्यालाही ते एवढे रडले नव्हते.

बुधवारी कागदावर दोन ठिपके होते, लाल आणि निळा. लाल ठेवावा असं त्यांना फार वाटलं. लाल म्हणजे त्यांची चूक, पण त्या चुकीवरच तर झीनतने एवढी वर्षं संसार अंथरला होता. लाल ठेवला तर चादर तिच्यासारखी उलटी घालता आली असती. मग खोडरबर घेतलं आणि लाल ठिपका पुसला. तिने साधी एक जागा मागितली होती. ती तिला रोज उलटी करून घ्यावी लागली. एकदा तरी सरळ मिळू दे, असं त्यांच्या मनाने घेतलं. चौसष्ट, पन्नास. तिथून हिरवं पाखरू काढायला घेतलं, मान वर केलेलं. रात्र व्हायच्या आत कार्डांना भोकं पाडून झाली.

गुरुवारी कार्डं मागावर चढली. शुक्रवारी नमाजानंतर भाई थेट कारखान्यात गेले आणि मागाच्या शेजारी उभे राहिले. बसायला खुर्ची दिली ती घेतली नाही. आधी साल आलं, मग काठ, मग दाराकडचं फूल. वेल तिरकी उतरत गेली. पाखराची मान दिसली तेव्हा त्यांनी घरं मोजली. बरोबर होती. चादर उतरली, गुरुबसप्पाने माग बंद केला आणि कुणी काही न सांगता मागावरून एकदा हात फिरवला.

“लई बेस झाली की भाई,” तो म्हणाला. “वैनी बघाय पायजे होत्या.”

“व्हय,” भाई म्हणाले.

शनिवारी दुपारी, भंगाराचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असताना, अल्लाउद्दीनभाईंनी सतरंजी गुंडाळून ठेवली आणि पलंगावर नवी चादर घातली. साल उशाशी. पाखरू भिंतीकडं, सरळ. जुहरची नमाज झाली होती, जेवण झालं होतं. ते सवयीने दाराकडच्या कडेला आडवे झाले. मान वळवली तर पाखरू दोन वाटे लांब. बरोबरच होतं, ते त्यांच्यासाठी नव्हतंच. मग उठले, पलंगाला वळसा घातला, भिंतीला लागून आत सरकले आणि झीनतच्या जागी झोपले. एवढ्या वर्षांत त्या जागी ते कधी झोपले नव्हते. एकटी सतरंजी होती तेव्हाही नाही.

ते कुशीवर वळले. हात थोडा लांब केला की पाखरू बोटाला लागत होतं, हिरवा धागा जरा वर आलेला, कळण्यासारखा. आणि पाखराच्या पलीकडं दोन वाटे चादर. सुरकुती नसलेली, ताणून घातलेली, थेट दारापर्यंत कुणीही नसलेली. अठरा वर्षं ते रात्रपाळीला जात होते. अठरा वर्षं झीनत इथून रोज हेच बघत होती.

भाई खाकरले नाहीत.

“लई रुंद दिसतंय की गं हितनं,” ते म्हणाले, आणि आवाज पहिल्या शब्दालाच नीट निघाला.